गॉब्लिन घाबरतात, ग्रुप घाबरत नाही

अगं, मारामारी न करता नुसता दम देऊन गेम पुढे सरकतो, याचं तुला केवढं अप्रूप! दादाच्या पीसीवर 'बाल्डर्स गेट ३' लावायचं, हाफ-ऑर्क बार्बेरियन घ्यायची आणि समोर येईल त्याच्यावर डोळे वटारायचे. गॉब्लिन तलवार न उपसता वाट सोडतात म्हणे. छान. पण हे सांगता सांगता तू आवाज खाली आणून जे दुसरं बोललीस ना, मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय. सकाळी बदलापूरला लेडीज डब्यात चढतेस तेव्हा गाडी जिथून सुटते तिथेच ती भरलेली असते. अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडीहून उलट दिशेने, म्हणजे डाऊन करून आलेल्या बायका बसलेल्या, आणि उरलेल्या जागांवर मैत्रिणींसाठी पर्सा ठेवलेल्या. कुणी ढकलत नाही की शिवी देत नाही. चौघीजणी एकदम वर बघतात, बस. तू मुकाट्याने दाराकडे सरकतेस. आणि मग मला विचारतेस, "ताई, गेममध्ये जमतं मला, डब्यात का नाही जमत?"

आधी तुझ्या ऑर्कबाईचा हिशेब मांडू. तुला वाटतं तिचे दंड बघून गॉब्लिन टरकतात. दंडांचा काडीचा संबंध नाही गं. हा गेम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांवर चालतो आणि त्या नियमांत दम देणं ताकदीच्या खात्यात नाही, कॅरिझ्माच्या खात्यात आहे. तुझ्या बार्बेरियनची ताकद दांडगी, पण कॅरिझ्मा ८, म्हणजे उणे १. हाफ-ऑर्कला दम देण्याचं कसब जन्मजात, त्याचे सुरुवातीला अधिक २. बेरीज अधिक १. गाठायचा आकडा १० असेल तर वीस बाजूंच्या फाशावर तुला ९ किंवा त्याहून जास्त पडायला हवेत, म्हणजे शंभरात ६० वेळा काम होणार. आकडा १५ झाला की ३५ वेळाच. १ पडला तर हमखास फजिती, २० पडले तर हमखास सरशी. आता गंमत बघ. एखादी शेलाटी बार्ड, हातात सारंगीसारखं काहीतरी वाद्य, तिचा कॅरिझ्मा १६ असला तर दम देण्याचं वेगळं कसब नसतानाही ती अधिक ३ घेऊन उभी. तुझ्या धिप्पाड ऑर्कपेक्षा तिचा शब्द जड. यात मला काही नवल वाटत नाही. आपल्या डब्यातली सगळ्यात दरारा असलेली बाई आठव, जेमतेम पाच फूट असेल.

आणि फजिती झाली की तू काय करतेस ते मला पक्कं ठाऊक आहे. एफ-८ दाबतेस, मघाचा सेव्ह उघडतेस, पुन्हा फासा टाकतेस. ही बया आत्ताच त-त-प-प करून गेली होती, हे गॉब्लिनच्या गावीही नसतं. डब्यात मात्र उद्या तीच गाडी, तोच डबा, त्याच चौघी. त्यांना सगळं आठवतं. गेममधल्या धाकाची आणि आपल्या धाकाची खरी फारकत इथे आहे. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही त्याला घाबरवणं सोपं. ज्याच्याशी रोज गाठ पडणार, त्याला घाबरवलंस तर त्याचं पुढे काय करायचं, हाही विचार तुलाच करावा लागतो.

चांगले गेम हा विचार करतात, म्हणून तर ते मला आवडतात. पोकेमॉनचंच घे. लहानपणी तू गॅराडोसची चित्रं वहीत काढायचीस. २००२च्या 'रूबी' आणि 'सॅफायर'पासून त्याच्याकडे 'इंटिमिडेट' नावाचा गुण आला. तो मैदानात उतरला रे उतरला की काहीही न करता समोरच्याचा हल्ला एक पायरी खाली येतो, दोन तृतीयांश उरतो. फुकटचा फायदा. अनेक वर्षं सगळे खुशाल वापरत होते. मग २०१०च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये 'डिफायंट' नावाचा गुण आला. ज्या पोकेमॉनकडे तो आहे, समज बिशार्प, त्याची कुठलीही क्षमता कुणी खाली ओढली की त्याचा हल्ला दोन पायऱ्या वर चढतो. एक गेली, दोन आल्या, म्हणजे तू डोळे वटारलेस आणि समोरचा दीडपट होऊन अंगावर आला. पुढे २०१९ साली आणखी काही गुणांना इंटिमिडेट मुळी लागूच होईनासा झाला. आता जाणते खेळाडू गॅराडोस उतरवण्याआधी समोर कोण बसलंय ते बघतात.

डब्यातही बिशार्प असतात बाई. वरून शांत, खिडकीशी डोळे मिटून बसलेली, आणि तू "ए, सरका जरा" म्हणालीस की उल्हासनगर येईपर्यंत तुझ्या सात पिढ्यांची चौकशी करणारी. तिला आधी कुणी काही बोललं नसतं तर ती अर्धी सीट देऊन मोकळी झाली असती.

तुला माझ्या आवडीचा गेम सांगते. 'अंडरटेल', २०१५ साली टोबी फॉक्सने केलेला. दिसायला अगदी जुनाट, ठिपक्याठिपक्यांचा. त्यात एकालाही न मारता शेवटापर्यंत जाता येतं. सुरुवातीलाच फ्रॉगिट नावाचा एक बेडूक भेटतो. त्याच्याशी लढायचं नसेल तर दोन पर्याय, कौतुक कर किंवा धमकाव. बेडकाला तुझं बोलणं दोन्ही वेळा कळत नाही. कौतुक केलंस तर तो न कळताच लाजतो, धमकावलंस तर न कळताच घाबरतो. लढायची इच्छा दोन्हीत संपते आणि तू त्याला सोडून देऊ शकतेस. निकाल सारखाच. म्हणजे मग धमकी का निवडायची, हा प्रश्न गेम तुझ्यावर सोडून पुढे निघून जातो. मी तरी कौतुक निवडते. बेडूक लाजलेला बघायला मिळतो हे एक कारण पुरे.

दुसऱ्या टोकाला 'मार्क ऑफ द निंजा', २०१२चा. त्यात पहारेकऱ्यांना इतकं भेदरवता येतं की ते सावलीवरही गोळ्या झाडतात, प्रसंगी आपल्याच माणसावर. खेळताना मजा येते, नाही म्हणत नाही. पण घाबरलेला माणूस शहाणा होत नाही, तो कुठेही गोळी झाडतो, हे त्या गेमला बरोबर कळलंय. 'फॉलआउट : न्यू व्हेगास'मध्येही असंच. बोलण्याचं कौशल्य ७० झालं की 'टेरिफाइंग प्रेझेन्स' घेता येतं. भांडण सुरू होतानाच तू असं काही बोलतेस की समोरचे पळत सुटतात. किती वेळ? काही सेकंद. मग वळतात, हत्यारं काढतात आणि मारामारी होतेच. त्याच गेमच्या शेवटी हूवर धरणावर लीजेट लॅनियस उभा असतो, सगळ्यांत खतरनाक. त्याला धमकावण्यात अर्थ नाही, तो कशालाच भीत नाही. पण बोलण्याचं कौशल्य १०० असलं तर त्याला पटवून माघारी लावता येतं. काय सांगून? धरण जिंकलंस तरी पलीकडचा मुलूख तुला राखता येणार नाही, एवढ्या लांब रसद पुरवता पुरवता तुझं सैन्य मोडेल. म्हणजे शेवटच्या राक्षसाला भीती नव्हे, हिशेब दाखवायचा.

याच जातीची एक गोष्ट आपल्या अगदी शेजारी घडलीय, आणि ती कुठल्याही गेमपेक्षा सरस आहे. उंबरखिंड. खोपोलीहून पालीच्या रस्त्याने गेलं की चावणी गावाजवळ. १६६१चा फेब्रुवारी. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसलेला, त्याने कोकण घ्यायला कारतलबखान नावाचा उझबेक सरदार मोठी फौज देऊन घाटाखाली धाडला. शिवाजी महाराजांनी त्याला घाट उतरू दिला. अडवलंच नाही. उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीभरल्या वाटेत अख्खी फौज शिरल्यावर पुढचं तोंड बंद, मागचं तोंड बंद, दोन्ही बाजूंच्या रानात मावळे. वारा नाही, पाणी नाही. बाण सुटले, बंदुका झाल्या, माणसं पडली. अगदीच लढाई झाली नाही असं नाही म्हणणार मी. पण फौज कापून काढायची वेळ आली नाही.

आणि आपण पुरते कोंडीत सापडलोय हे खानाच्या छावणीत आधी कुणाला कळलं, तर एका बाईला. माहूरच्या देशमुख घराण्यातली, मोगलांनी 'रायबागन' किताब दिलेली सरदार, खानाबरोबर स्वारीवर आलेली. या रानात शिरून आपण सिंहाच्या तोंडी आलोय, आता शरण जाणंच शहाणपणाचं, अशा अर्थाचं तिने खानाला खडसावलं, असं 'शिवभारत'कार परमानंद सांगतो. खानाने वकील पाठवला. महाराजांनी अट घातली : असेल नसेल ते सगळं इथे टाका, खंडणी द्या आणि चालते व्हा. आणि मग खरोखर चालतं होऊ दिलं.

ही शेवटची ओळ मी मुद्दाम पुन्हा वाचायला सांगेन. खानाने शब्द का मानला? कारण जायला वाट मिळणार याची त्याला खात्री पटली होती. दोन्ही तोंडं कायमची बंद असती तर तहानलेली का होईना, ती फौज जीव तोडून लढली असती आणि आपलीही माणसं गेली असती. पेचात पकडायचं ते पूर्ण पकडायचं, पण किल्ली समोर दिसेल अशी ठेवायची. गेममधले कितीतरी धाकवाले पर्याय पहिलं अर्ध करतात आणि दुसरं विसरतात. २००५च्या 'स्वॅट ४'ला ते दुसरं अर्ध चांगलं जमलंय. पोलिसाने आधी ओरडून हत्यार टाकायला सांगायचं, समोरच्याने हात वर केले की बेड्या घालायच्या. हात वर केलेल्यावर गोळी झाडलीस तर गुण कापले जातात. शरण येण्यात काही फायदा असेल तरच कुणी शरण येतं.

उंबरखिंडीचा गेम कुणीतरी करायला हवा, पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२०मध्ये 'राजी' केला तसा देखणा. पण त्यात महाराज होऊन खेळण्यापेक्षा मला रायबागन होऊन खेळायला आवडेल. हरलेल्या बाजूला उभं राहून, आपल्याच सेनापतीला खरं सांगायचं. त्या संवादाचा आकडा २५ ठेवावा लागेल.

एक जड गोष्टही सांगून टाकते. गेममध्ये पळालेला शत्रू पडद्याबाहेर जातो आणि संपतो. 'घोस्ट ऑफ सुशिमा'त तुझ्या दहशतीने मंगोल ओरडत पळतात, धुक्यात नाहीसे होतात, कुठे जातात कुणी विचारत नाही. (पण तो गेम निदान एवढं तरी दाखवतो, की नायकाने विष वापरलं ते मंगोल शिकून घेतात आणि उलट वापरतात.) आता तू कॉलेजला उतरतेस ते उल्हासनगर कसलं शहर आहे? भीतीने घर सोडलेल्या माणसांचं. फाळणीनंतर सिंधमध्ये पंजाबसारखी सरसकट कत्तल झाली नाही, पण दंगे झाले, १९४८च्या जानेवारीत कराचीत झाले, आणि आता इथे आपला निभाव नाही हे हिंदू सिंध्यांच्या मनाने घेतलं. बोटींत बसून लोक निघाले. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकी रिकाम्या होत्या, तिथे त्यांना उतरवलं. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तुझ्या मैत्रिणी आजही पत्ता सांगताना कॅम्प ३, कॅम्प ५ असंच म्हणतात ना? घाबरून निघालेला माणूस कुठेतरी पोचतो, बराकीत गोणपाटाचा पडदा लावून संसार मांडतो, पापड विकतो, पुढे फर्निचरचा बाजार उभा करतो. पडद्याबाहेर काही संपत नसतं. कुणालाही 'पळवून लावलं' असं हसत सांगताना एवढं ध्यानात असू दे.

तुझ्या फोनवरच्या गेमचं बोलू. बीजीएमआयमध्ये धाकाचं बटण नाही, पण माइक आहे. मुलीचा आवाज ऐकला की काहींना काय चढतं ते तुला मी सांगायला नको. स्क्वॉड अनोळखी असेल तर माइक बंद ठेव, कुणी घाणेरडं बोललं तर म्यूट कर आणि रिपोर्ट कर, उलट शिव्या घालत बसू नकोस. आयडीत खरं नाव, कॉलेज, स्टेशन नको. 'कुठे राहतेस ते शोधून काढीन', 'फोटो टाकीन' अशा भाषेवर कुणी आला तर मात्र तो खेळ राहिला नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ प्रमाणे धमकी हा गुन्हा आहे, साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, जिवे मारण्याच्या धमकीला सात वर्षांपर्यंत. स्क्रीन रेकॉर्ड करून ठेव, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार कर, आणि आईला सांग. आई ओरडेल, फोन काढून घ्यायची भाषा करेल. मग मला फोन कर, आईची समजूत मी घालते.

आता तुझा डबा.

डाऊन करून येणाऱ्यांना तू खलनायिका ठरवू नकोस. अंबरनाथला, विठ्ठलवाडीला गाडी येते तेव्हा आत पाय ठेवायला जागा नसते. पहाटे उठून डबे करून निघालेली, घाटकोपर-दादरपर्यंत उभ्याने जाणारी बाई उलट दिशेला वीस मिनिटं घालवून सीट मिळवते, ती काही हौसेने नाही. पण तुझीही बाजू आहे. गाडी बदलापूरहून सुटते आणि बदलापूरच्याच पोरीने उभं राहायचं? शिवाय पास अंबरनाथपासूनचा असेल तर अंबरनाथ ते बदलापूर हा प्रवास विनातिकीट ठरतो. टीसी कधीमधी हेच पकडतात. हा तुझ्या हातातला हिशेब आहे. तो दाखवायची घाई मात्र करू नकोस. पहिल्याच दिवशी "टीसीला बोलावते" म्हणालीस की चौघींच्या चाळीस होतील आणि कॉलेज संपेपर्यंत त्या डब्यात तुझी खैर नाही.

ग्रुपच्या म्होरकीशी बोलायला जाऊ नको. सगळ्यांसमोर माघार घेणं तिला परवडत नाही. कडेला बसलेली, ग्रुपमध्ये नवी असलेली एखादी हेर. सरळ विचार, "ताई, तुम्ही कुठे उतरणार?" आपल्या लोकलमध्ये या चार शब्दांना दस्तऐवजाइतकी किंमत आहे. ठाणे म्हणाली तर ठाण्यानंतरची सीट तुझी झाली, आणि हे डब्यातल्या बाकीच्यांनीही ऐकलं. तुला अर्थात त्याआधीच उतरायचंय, ते सध्या सांगू नकोस. रोज विचारलंस की चेहरा ओळखीचा होतो आणि चेहरा ओळखीचा झाला की तुझ्याकडे चौघींनी एकदम बघणं आपोआप कमी होतं.

पर्स ठेवलेली जागा दिसली की दुसरं वाक्य. "ही कुणाची? तुमची मैत्रीण येईपर्यंत बसते, आली की उठते." आवाज चढवायचा नाही, हसायचंही नाही, आणि बोलता बोलता पर्स उचलून तिच्या हातात द्यायची. नाही म्हणायला तिला जड जाईल, कारण तू काही हिसकावत नाहीयेस. मैत्रीण आली तर खरंच उठायचं. दोनतीनदा उठलीस की ही पोरगी शब्दाची पक्की आहे हे पसरतं, आणि उल्हासनगर यायला तुला वेळ तो कितीसा लागतो?

खिडकीजवळची ती डोळे मिटलेली दिसली तर तिच्या वाटेला जाऊ नकोस, दुसऱ्या बाकाकडे जा. आणि इतकं करूनही कुणी अंगावर धावून आली, हात उगारला, तर भिडस्तपणा तिथेच ठेवायचा. १३९ हा रेल्वेचा नंबर फोनमध्ये आजच टाक. गाडी कितीची, पुढचं स्टेशन कोणतं, लेडीज डबा मधला की मुंबईकडचा, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे, म्हणजे पोलीस बरोबर दारासमोर उभे राहतात.